उन्हाळी सुट्टीत मुलांचे वाचन आणि शिकणे कसे टिकवावे?

वाटचाल (धागालेखक)

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून सुट्टीनंतर तो चौथीत जाईल. येत्या आठवड्यात त्याची उन्हाळी सुट्टी सुरू होत आहे. गेल्या वर्षीची सुट्टी आमच्या घरी जशी गेली तशी या वर्षी जाऊ नये, एवढ्याच इच्छेने हा धागा काढत आहे.

गेल्या वर्षी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी वेळापत्रक करून भिंतीवर लावले होते. सकाळी दहा गणिते आणि पाच ओळी शुद्धलेखन, दुपारी वीस मिनिटे वाचन, रात्री झोपण्यापूर्वी वाचलेल्या मजकुराचा सारांश वहीत. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात तो घड्याळाकडे पाहत वाचू लागला आणि विसावे मिनिट भरले की वाक्य अर्धे असले तरी पुस्तक मिटू लागला. तिसऱ्या आठवड्यात रोज वाद झडू लागले आणि चौथ्या आठवड्यात मीच तो कागद काढून टाकला. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत त्याने एकही पुस्तक उघडले नाही.

शाळा सुरू झाल्यावर ५०२ मधून १६७ वजा करताना तो मधल्या शून्यापाशी अडला. परीक्षेत अशी वजाबाकी त्याने सहज केली होती. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण आठ दिवसांच्या सरावाने ती त्याला पुन्हा जमली. मनाला लागले ते वेगळेच. त्याआधी आपणहून पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारा हा मुलगा पुस्तक हाती दिले की, 'किती पाने वाचायची?' असे विचारू लागला. तो प्रश्न त्याने अजूनही सोडलेला नाही.

सुट्टीत शिकलेले खरोखर किती विसरले जाते, त्यासाठी रोज किती करावे, आणि वाचनाची एकदा गेलेली गोडी परत आणता येते का, याविषयी अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

खडू-फळा

मी बावीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवत आहे. त्यामुळे शाळा उघडल्यानंतरचे पहिले तीन आठवडे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते आधी लिहिते.

सगळेच सारख्या प्रमाणात विसरले जात नाही. ज्या गोष्टी हाताला सराव असेपर्यंत टिकतात, त्या आधी निसटतात. हातच्याची वजाबाकी, भागाकाराच्या पायऱ्या, पाढे, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांचे लेखन या त्यांतल्या मुख्य. गोष्ट समजून घेणे, प्रश्न विचारणे, तर्क करणे या क्षमता सुट्टीत कमी होत नाहीत आणि भरपूर अनुभव मिळाल्यास वाढतातसुद्धा. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात सुट्टीमुळे होणारे सरासरी नुकसान शाळेच्या साधारण एका महिन्याच्या शिकण्याइतके असल्याचे आणि ते वाचनापेक्षा गणितात, विशेषतः आकडेमोडीत व शुद्धलेखनात, जास्त असल्याचे दिसले. त्याच आढाव्यात वाचनाच्या बाबतीत एक फरक आढळला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुस्थितीतील घरांमधील मुलांची वाचनक्षमता सुट्टीत काही चाचण्यांवर थोडी वाढली होती, तर कमी उत्पन्नाच्या घरांमधील मुलांची घटली होती. दोन्हीकडे शाळा बंदच होती. मग हा फरक मुलांच्या बुद्धीतून आला, असे म्हणता येत नाही. घरात पुस्तके आहेत का, आणि वाचलेल्याविषयी मुलाशी बोलायला कोणी आहे का, या प्रश्नांपाशीच आपण येऊन थांबतो.

आता तुमच्या मुलाच्या शून्याविषयी. ५०२ मध्ये दशकाच्या घरात शून्य आहे, त्यामुळे हातचा घ्यायला शेजारी काहीच नाही. 'शून्याचा नऊ होतो' असा नियम पाठ केलेले मूल तो नियम सुट्टीत विसरते, आणि विसरल्यावर पुन्हा उभा करायला त्याच्याजवळ काही उरत नाही. घरी काड्यांचे गठ्ठे करून पाहा. पाच शेकडे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या आणि सात काड्या मागायच्या. दोनमधून सात देता येत नाहीत, दशकाचा गठ्ठा एकही नाही, म्हणून मूल शेकड्याचा गठ्ठा सोडते आणि त्यातून दहाचे दहा गठ्ठे निघतात. त्यांतला एक गठ्ठा सोडला की समोर चार शेकडे, नऊ दशक आणि बारा सुटे राहतात. तो नऊ कुठून आला, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. यानंतर ३३५ हे उत्तर काढायला त्याला तुमची गरज लागत नाही.

सरावाविषयी माझे मत स्पष्ट आहे. रोज दहा गणिते देण्यापेक्षा आठवड्यातून तीन वेळा चार-चार गणिते द्यावीत आणि ती एकाच प्रकारची नसावीत. एक वजाबाकीचे, एक गुणाकाराचे, एक शाब्दिक उदाहरण आणि एक मुलाने आपल्यासाठी तयार केलेले, अशी मिसळ असली की प्रत्येक वेळी 'येथे काय करायचे' हा विचार त्याला करावा लागतो. बहुतेक मुले गणिताच्या याच पायरीवर अडखळतात. दहा-बारा मिनिटे पुरतात.

---

निळी शाई

मी एका वाचनालयाच्या बालविभागात काम करतो. 'किती पाने वाचायची?' हा प्रश्न सुट्टीच्या काळात मला दिवसातून अनेकदा ऐकू येतो. बहुधा तो मूल विचारते आणि त्याचे उत्तर पालक देतात.

आमच्याकडे पालक येतात तेव्हा पुस्तक कोण निवडते, हे मी न बोलता पाहत असतो. मुलाचा हात चित्रकथेकडे जातो, पालक ती परत ठेवतात आणि 'हे वाच, यातून काही शिकायला मिळेल' असे म्हणून जाड, चांगल्या बांधणीचे चरित्र त्याच्या हाती देतात. दोन आठवड्यांनी ते चरित्र परत येते. पहिल्या दहा पानांच्या कडा हाताळलेल्या दिसतात आणि पुढची पाने छापखान्यातून आल्यासारखी कोरी असतात. याउलट मुलाने स्वतः निवडलेली पुस्तके मध्यावरही सैल झालेली असतात. त्यांतली काही चौथ्या-पाचव्यांदा नेलेली असतात.

रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झन यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांमधील १७ शाळांमध्ये एक प्रयोग केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली-दुसरीपासून सलग तीन उन्हाळ्यांत मुलांना दर वर्षी १२ पुस्तके दिली गेली आणि ती मुलांनी स्वतः निवडलेली होती. ज्यांना पुस्तके मिळाली नाहीत त्यांच्या तुलनेत या मुलांची वाचनातील प्रगती लक्षणीय होती आणि सर्वांत गरीब मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला. मुलांच्या निवडीत खेळाडू, नट-नट्या आणि गाजलेली पात्रे यांच्यावरची पुस्तके पुष्कळ होती. शिक्षकांनी ती निवडली असती, असे मला वाटत नाही.

मात्र केवळ पुस्तके घरी नेऊन ठेवली की काम झाले, असेही नाही. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांच्या २००८ च्या अभ्यासात तिसरी ते पाचवीच्या ज्या मुलांना फक्त पुस्तके दिली, त्यांची प्रगती पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. ज्यांना पुस्तकांबरोबर समजून वाचायच्या युक्त्या शाळेत आधी शिकवल्या होत्या आणि घरी मोठ्या माणसासमोर थोडे मोठ्याने वाचून त्याविषयी बोलायला सांगितले होते, त्यांना फायदा झाला. पुस्तक मुलाच्या आवडीचे हवे, ते त्याला झेपणारे हवे आणि वाचून झाल्यावर त्याचे ऐकून घेणारे कोणी तरी हवे, असे मी यावरून समजतो.

झेपते का, हे पाहण्यासाठी आम्ही मुलांना एक सोपी रीत सांगतो. पुस्तकाचे मधले एखादे पान उघडावे, ते वाचावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या मोठ्या माणसाकडून ऐकण्यासाठी ठेवावे, एक-दोन बोटे मिटली तर स्वतः वाचावे. हा काही शास्त्रीय मापदंड नव्हे, पण त्यामुळे निवड मुलाच्या स्वतःच्या हातात राहते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला दुसरा 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' असा आहे. 'त्याचे' या शब्दावर माझे सगळे काम उभे आहे.

तुमच्या मुलाला बारा पुस्तके निवडू द्या आणि त्यांतली चार अर्धवट सोडायची मोकळीक आधीच द्या.

---

ओलावा

निळी शाई, अर्धवट सोडायच्या मोकळिकीविषयी तुम्ही लिहिलेत, ते मला आधी कोणी सांगायला हवे होते.

माझी मुलगी सात वर्षांची असताना मी एक तक्ता केला होता. एक पुस्तक वाचले की एक चांदणी आणि दहा चांदण्यांना एक खेळणे. तिने अकरा दिवसांत वीस चांदण्या मिळवल्या आणि मला फार आनंद झाला. नंतर लक्षात आले की, ती मांडणीतून सगळ्यांत पातळ पुस्तके शोधत होती आणि तीन वर्षांची असताना वाचलेली चित्रपुस्तके पुन्हा वाचून दाखवत होती. एका संध्याकाळी मी तिला, 'या गोष्टीतल्या अस्वलाला घरी का जायचे नव्हते?' असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'मला नाही माहीत. पण मी शेवटच्या पानापर्यंत वाचलंय.' तिचे काहीच चुकले नव्हते. मी पाने मोजत होते, म्हणून तीही पाने मोजत होती.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग मी नंतर वाचला. तीन ते पाच वर्षांच्या ज्या मुलांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते, त्यांतल्या काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधीच सांगितले गेले. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुले रंगीत पेनांनी जेवढा वेळ चित्रे काढत होती, तो इतर मुलांच्या साधारण निम्मा भरला. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळाले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तेव्हा पुस्तक संपल्यावर मुलाला एकदा मिठी मारली किंवा त्याच्याबरोबर नवे पुस्तक आणायला गेलो तर काही बिघडत नाही. आधीच भाव ठरवला की बिघडते.

आमच्या घरी तक्ता गेला आणि त्याच्या जागी फक्त एक कागद आला. त्यावर ती पुस्तकाचे नाव आणि त्यातला आवडलेला एक शब्द लिहिते. शब्द नाही आवडला तर जागा मोकळी सोडते. आज तो कागद तिसऱ्या वर्षात आहे आणि त्यावर 'भिरभिरणे', 'ढिम्म', 'कुजबुज' असे शब्द आहेत. ती ते बोलण्यात वापरते.

---

मोकळे आकाश

माझे मत थोडे निराळे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. वर्षभर घंटेवर चालणाऱ्या मुलाला सुट्टी मिळते ती सुटण्यासाठी. त्यातही आपण तीनदा गणिते, बारा पुस्तके आणि एक कागद ठरवणार असू, तर सुट्टी या शब्दाला काय अर्थ राहिला? आपली पिढी सुट्टीभर झाडावर आणि मैदानात होती, तरी आपण शिकलोच.

शिवाय ज्या नुकसानीविषयी येथे लिहिले जात आहे, तिच्याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. पॉल फॉन हिपेल आणि कॅटलिन हॅमरॉक यांनी २०१९ मध्ये जुन्या निष्कर्षांची फेरतपासणी केली, तेव्हा गरीब-श्रीमंत मुलांमधली दरी उन्हाळ्यातच वाढते, हा समज मुख्यतः जुन्या चाचण्यांच्या मोजमापामुळे निर्माण झाल्याचे त्यांना आढळले. नव्या मोजमापाने पाहिल्यास ही दरी बव्हंशी मुले शाळेत येण्यापूर्वीच पडलेली असते. मग सुट्टीचा एवढा धसका कशासाठी?

---

खडू-फळा

मोकळे आकाश, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो मान्य करते. १९९६ चा आढावा ज्या चाचण्यांवर उभा होता, त्यांच्यातील उणिवा नंतर दाखवल्या गेल्या आहेत. 'एक महिना' हा आकडा प्रत्येक मुलाला लागू आहे, असे कोणी समजू नये. माझ्या वर्गात सुट्टीनंतर काहीही न विसरलेली मुले दर वर्षी असतात.

मैदानाविषयीही मी तुमच्याच बाजूने आहे. परंतु दहा मिनिटांचा सराव मैदान हिरावून घेत नाही. वाचनाची गोष्ट तर मुळीच वेगळी आहे. ज्या मुलाला वाचता येते पण अजून सहज येत नाही, अशा दुसरी ते चौथीच्या मुलासाठी दोन महिन्यांचा खंड जड जातो. अक्षरे जुळवण्यातच त्याचे सगळे लक्ष खर्च होते आणि अर्थापर्यंत पोचताना ते थकते. ओघ येईपर्यंत वाचन हे कष्टाचे काम असते आणि ओघ आल्यावर ते करमणुकीचे होते. या दोन काठांच्या मध्ये असलेल्या मुलाला सुट्टीभर एकटे सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. तुमचे मूल पलीकडच्या काठावर पोचलेले असेल तर त्याला खुशाल झाडावर जाऊ द्या. ते पुस्तकही बरोबर नेईल.

---

संथ लय

खडू-फळा यांनी लिहिलेल्या दोन काठांच्या मध्ये माझा मुलगा बरीच वर्षे होता, म्हणून लिहीत आहे. तो दहा वर्षांचा आहे आणि त्याला वाचन अवघड जाते. जोडाक्षर आले की तो थांबतो, अंदाजाने काहीतरी म्हणतो आणि पुढे सरकतो. अशा मुलाला 'आवडीचे पुस्तक निवड' असे सांगून पुरत नाही, कारण त्याच्या आवडीची पुस्तके त्याच्या वाचनाच्या पुढे असतात आणि त्याला झेपणारी पुस्तके त्याला बाळबोध वाटून लाज आणतात.

आम्ही दोन वाटा वेगळ्या केल्या. अर्थाची भूक भागवण्यासाठी मी त्याला त्याच्या वयाची, त्याच्या आवडीची पुस्तके मोठ्याने वाचून दाखवते. ऐकून समजण्याची त्याची क्षमता उत्तम आहे आणि शब्दसंपत्ती त्यातूनच वाढते. दुसरी वाट सरावाची. तोच परिच्छेद, आठ-दहा ओळींचा, तो चार दिवस रोज एकदा वाचतो. पहिल्या दिवशी 'विद्यार्थ्याच्या' या शब्दापाशी तो चक्क हात टेकतो. मग आम्ही तो शब्द कागदावर 'वि, द्या, र्थ्या, च्या' असा तोडून लिहितो, प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून म्हणतो आणि पुन्हा जोडतो. चौथ्या दिवशी तोच शब्द तो न थांबता वाचतो आणि त्याचा त्यालाच अचंबा वाटतो. अडल्यावर मी लगेच शब्द सांगत नाही, मनात पाचपर्यंत मोजते. पाचच्या पुढे मात्र त्याला ताटकळत ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवाने पटली. ज्या विषयाची त्याला माहिती आहे, तो मजकूर तो त्याच्या पातळीच्या वरचा असला तरी वाचतो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची पण बेसबॉलची चांगली माहिती असलेली मुले ते वर्णन जेवढे समजली, तेवढे वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेली मुले समजू शकली नाहीत. आमच्याकडे हा विषय मुंग्या आहे. एक बरणी, थोडी माती, भिंग आणि मुंग्यांवरची तीन पुस्तके यांवर आमचे सहा आठवडे गेले. बरणीत आज काय दिसले, ते पाहून तो पुस्तकात त्याचे पान शोधतो.

ज्या पालकांचे मूल अशाच तऱ्हेने अडखळत असेल त्यांनी सुट्टीच्या सुरुवातीलाच दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. अडचण टिकून राहिल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि मुलाला आळशी म्हणू नये. माझ्या मुलाला तो शब्द वर्गात ऐकावा लागला आहे. दोन वर्षे तो शब्द त्याच्या मनातून गेला नाही.

---

उंबरठा

आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो, त्यामुळे वरचे बरेचसे आम्हाला शक्य नाही. आमच्या घरी फक्त झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटे आहेत. सकाळी आजी असते. तिची दृष्टी अधू झाली असल्याने नात तिला वाचून दाखवते. आजी मध्येच, 'थांब, हा कोण? तो मघाचाच का?' असे विचारते, कारण तिला खरोखरच कळलेले नसते. त्या एका प्रश्नासाठी मुलीला मागे जाऊन गोष्ट नीट सांगावी लागते. परीक्षा घेणारा प्रश्न आणि जाणून घेणारा प्रश्न यांतला फरक मुलांना लगेच कळतो, असे मला त्यावरून वाटते.

मोबाइलविषयी एकच सांगतो. मुलांच्या हातून तो काढून घेण्यापूर्वी त्या पंधरा मिनिटांत आम्ही आमचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो. तेवढ्याने अर्धा वाद संपला.

---

वाटचाल (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. मोकळे आकाश यांचे म्हणणे मी विशेष लक्षात ठेवले आहे. या वेळी वेळापत्रक केलेले नाही. काल आम्ही वाचनालयात गेलो. निळी शाई, तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी हात मागे बांधून उभा राहिलो. त्याने नऊ पुस्तके घेतली. पाच चित्रकथा, दोन ज्वालामुखींवरची, एक जादूच्या प्रयोगांचे आणि एक त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. चरित्र एकही नाही. मला एका पुस्तकाविषयी बोलण्याचा मोह झाला होता, तो मी आवरला.

चार वर्षांच्या धाकटीसाठी काही करावे का, हेही सुचवावे.

---

खडू-फळा

धाकटीसाठी चौकोनात आकडे असलेला सोंगट्यांचा खेळ पुरेसा आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतील मुले एका ओळीत १ ते १० आकडे असलेल्या पटावर खेळली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठकींनंतर त्यांची संख्यांच्या लहान-मोठेपणाची समज स्पष्टपणे सुधारली. ज्या मुलांच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते, त्यांच्यात ही सुधारणा दिसली नाही. खेळताना सोंगटी पुढे नेताना ज्या घरावर ती पडते, त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायला लावा. पाचच्या घरावरून दोन घरे पुढे जाताना 'एक, दोन' असे न म्हणता 'सहा, सात' असे म्हणायचे. बाकी तिला दादाकडून गोष्टी ऐकू द्या.

---

वाटचाल (धागालेखक)

सात आठवड्यांनी लिहीत आहे. सोमवारपासून शाळा सुरू होईल.

त्याने एकूण चौदा पुस्तके आणली, त्यांतली पाच अर्धवट परत केली. मधले बारा दिवस तो एक ओळही वाचायला तयार नव्हता. त्या दिवसांत माझ्या तोंडी जुने वेळापत्रक पुन्हा येत होते, ते मी बोलून दाखवले नाही, रोज रात्री मी स्वतः त्याच्या खोलीत बसून माझे पुस्तक वाचत राहिलो. तेराव्या दिवशी त्याने विचारले, 'बाबा, तुम्ही काय वाचताय?' आणि मी सांगू लागल्यावर तो पाचव्या मिनिटाला उठून स्वतःचे ज्वालामुखीचे पुस्तक घेऊन आला. त्याला मला लाव्हा आणि मॅग्मा यांतला फरक सांगायचा होता. जमिनीखाली असतो तो मॅग्मा आणि बाहेर आला की लाव्हा. मला तो खरोखरच ठाऊक नव्हता, हे त्याच्या लक्षात आले आणि त्या रात्री त्याने दिवा मालवू दिला नाही.

गणिताचे तीन दिवस आठवड्यातून दोनच होऊ शकले. काड्यांचे गठ्ठे त्याने आधी माझ्याबरोबर सोडले आणि नंतर ४००० मधून १ वजा करण्यासाठी हजाराचा गठ्ठा बांधायला घेतला. काड्या संपल्या म्हणून आम्ही तो कागदावर काढला. दहा ठिकाणी शंभर-शंभर रेघा मारून झाल्यावर तो एका दमात म्हणाला, 'तीन हजार नऊशे नव्व्याण्णव.'

संथ लय, तुमच्या मुंग्यांच्या बरणीची कल्पना त्याने धाकटीसाठी उचलली आहे. बरणीवर चिठ्ठी चिकटवून त्याने 'मुग्यांचे घर' असे लिहिले होते. धाकटीने बोट ठेवून अक्षरे विचारली, तेव्हा वाचून दाखवताना अनुस्वार राहिल्याचे त्याचे त्यालाच दिसले आणि त्याने तो दिला.

शाळा सुरू झाल्यावर रात्रीची पंधरा मिनिटे तशीच ठेवणार आहोत. काल पुस्तके परत करायला गेलो तेव्हा त्याने वाचनालयातील ताईंना विचारले की, शाळेच्या दिवसांत एका वेळी किती पुस्तके नेता येतात.